गुन्हा एक, आरोपी तीन, शेवट वेगवेगळे: फाशीच्या कायद्याबद्दल

कृष्णाकाठ:

फाशी हवी की नको हा वाद आपल्याकडे पेटतो तो एखादा अंगावर काटा आणणारा गुन्हा घडला की. आठवडाभर 'भर चौकात लटकवा' म्हणणारे आणि 'सरकारला जीव घेण्याचा हक्क नाही' म्हणणारे एकमेकांवर तुटून पडतात आणि मग विषय थंड होतो. या धाग्यात मला वेगळं विचारायचं आहे. आपल्या देशात फाशी कुणाला होते आणि कुणाची टळते, हे ठरतं कसं? बरीच वर्षं मी निकालपत्रं वाचतो आहे. जितकं वाचावं तितकं एकच मनात घर करून बसतं: यात नशिबाचा वाटा फार मोठा आहे.

१९७५ साली पिलीभीतच्या सत्र न्यायालयाने एकाच कुटुंबातल्या चौघांच्या खुनाबद्दल तीन जणांना फाशी सुनावली. जीता सिंग, काश्मिरा सिंग आणि हरबन्स सिंग. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तिघांचीही शिक्षा कायम केली. गुन्हा एक, पुरावा एक, तिघांचा त्यातला वाटाही सारखाच. पण सर्वोच्च न्यायालयात तिघे वेगवेगळ्या वेळी गेले आणि त्यांचे अर्ज वेगवेगळ्या खंडपीठांपुढे लागले. जीता सिंगचा अर्ज १९७६ मध्ये फेटाळला गेला. काश्मिरा सिंगचं प्रकरण १९७७ मध्ये दुसऱ्या खंडपीठापुढे आलं आणि त्याच्या फाशीची जन्मठेप झाली. हरबन्स सिंगचा अर्ज १९७८ मध्ये फेटाळला गेला, पुढे फेरविचाराचा अर्जही गेला, राष्ट्रपतींकडून दयेचा अर्जही नामंजूर होऊन आला. साथीदाराची फाशी याच न्यायालयाने रद्द केली आहे, हे न्यायालयाच्या कार्यालयीन टिपणात लिहिलेलं असूनही फेरविचाराच्या वेळी ते कुणी न्यायमूर्तींच्या लक्षात आणून दिलं नाही.

६ ऑक्टोबर १९८१ ही दोघांच्या फाशीची तारीख ठरली. हरबन्स सिंगने अखेरच्या दिवसांत रिट अर्ज करून काश्मिराच्या निकालाकडे बोट दाखवलं, म्हणून त्याच्या फाशीला स्थगिती मिळाली. जीता सिंगने अर्ज केला नव्हता. त्याला ठरल्या दिवशी फाशी झाली. फेब्रुवारी १९८२ मध्ये सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने हरबन्सची शिक्षा बदलावी अशी शिफारस राष्ट्रपतींकडे केली. जीता सिंगसाठी करण्यासारखं कुणाच्याच हातात काही उरलं नव्हतं.

हे सगळं चालू असतानाच, म्हणजे मे १९८० मध्ये, बच्चन सिंग खटल्याचा निकाल आला होता. पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी फाशी घटनाबाह्य नाही असं ठरवलं, न्या. भगवती एकटे विरोधात राहिले. 'दुर्मिळातले दुर्मीळ' हे सूत्र तिथलं. फक्त गुन्ह्याचं क्रौर्य पाहायचं नाही, गुन्हेगाराचाही विचार करायचा आणि जन्मठेपेचा पर्याय निर्विवादपणे बंद झाला असेल तरच फाशी द्यायची, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. सूत्र चांगलंच आहे. पण १९९६ मध्ये रावजी नावाच्या राजस्थानातल्या कैद्याच्या खटल्यात दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने म्हटलं की गुन्हा पाहायचा, गुन्हेगार नव्हे. पुढची कित्येक वर्षं खालची न्यायालयं आणि खुद्द सर्वोच्च न्यायालयही या रावजी निकालाच्या आधारे फाशी देत राहिले. २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच बरियार खटल्यात न्यायालयाने मान्य केलं की रावजी निकाल बच्चन सिंगच्या विरोधात होता, तो आणि त्याच्या आधाराने दिलेले निकाल चुकीच्या पायावर उभे आहेत. तोवर रावजीला १९९६ मध्येच फाशी झालेली होती, आणि त्या आधारे शिक्षा झालेल्या सुर्जा रामला १९९७ मध्ये. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रं लिहून उरलेल्यांच्या शिक्षा बदला अशी विनंती केली.

गुन्हेगार चांगले होते असं मी अजिबात म्हणत नाही. ज्या शिक्षेत मागे फिरता येत नाही ती देण्याची पद्धत इतकी हलती असेल तर ती शिक्षा कायद्यात असावी का, एवढंच विचारतो आहे. मला वाटतं, असू नये. मतं मांडा.

अनघा_क:

कृष्णाकाठ, तुमचं लिखाण मन लावून वाचलं. तरीही मी फाशीच्या बाजूने आहे, आणि माझा राग नशिबावर नाही, दिरंगाईवर आहे.

कोल्हापूरचा खटला आठवा. लहान लेकरं पळवायची, चोऱ्या करताना त्यांचा आडोसा घ्यायचा आणि ती जड झाली की जिवे मारायची. दोघी बहिणी १९९६ मध्ये पकडल्या गेल्या. २००१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ऑगस्ट २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. याला दुर्मिळातलं दुर्मीळ म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? दयेचा अर्ज नामंजूर व्हायला २०१४ उजाडलं. मग जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. कारण? अर्जावर निर्णय घ्यायला जवळजवळ आठ वर्षं लागली, हा कैद्यांवर अन्याय. फाइल सरकारी टेबलांवर पडून राहिली त्यात त्या मुलांच्या आयांचा काय दोष? चूक सरकारची, तिची भरपाई मात्र गुन्हेगाराला. पोरं गमावलेल्या घरांना कुणी विचारलं का, की आम्ही शिक्षा बदलतो आहोत, तुमचं काय म्हणणं?

तुम्ही जीता सिंगचं नाव लिहिलंत. त्या कुटुंबातल्या चौघांची नावं धाग्यात नाहीत. मला हेच खुपतं.

बखरवाला:

चर्चा कायद्याच्या अंगाने जाईलच, मी थोडं मागचं सांगतो, कारण आपल्या मातीत हा विषय फार जुना आहे.

कडेलोट, हत्तीच्या पायी देणं, या शिक्षा आपण गडांवर ऐकत मोठे झालो. संभाजी महाराजांच्या विरुद्ध कट करणारे अण्णाजी दत्तो वगैरे १६८१ मध्ये असेच मारले गेले. पण पेशवाईतली दप्तरं पाहिली तर चित्र गुंतागुंतीचं आहे. खुनालासुद्धा दंड घेऊन, कैदेत घालून, वतन जप्त करून सोडल्याची उदाहरणं सापडतात. ब्राह्मण आणि स्त्रिया यांना सहसा देहान्त देत नसत. म्हणजे शिक्षा ठरायची ती गुन्ह्यावरून तितकीच माणसाच्या जातीवरून आणि ऐपतीवरूनही. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ च्या खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ही गोष्ट आपल्याला इतकी प्रिय आहे ती याचसाठी. सत्तेवर बसलेल्या माणसालाही तीच शिक्षा सांगणारा न्यायाधीश विरळा होता. आणि ती शिक्षा अमलात आली नाही, हेही विसरू नये.

दुसरं टोक म्हणजे १७९१ सालचा घाशीराम कोतवाल. त्याच्या कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळलं, आणि नाना फडणवीसांच्या कारभाराने त्याला जमावाच्या हवाली केलं. लोकांनी दगडांनी ठेचून मारलं. 'भर चौकात' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग नीट वाचावा. त्यात न्यायनिवाडा कुठेच नाही.

इंग्रजांनी काय आणलं? त्यांच्याकडे तेव्हा दोनशेच्या वर गुन्ह्यांना फाशी होती, किरकोळ चोऱ्यासुद्धा त्यात. कलकत्त्यात महाराजा नंदकुमाराला १७७५ मध्ये फाशी झाली ती खोटा दस्तऐवज केल्याच्या आरोपावरून, इंग्लंडचा कायदा लावून. इथल्या कुठल्याच रिवाजात त्या गुन्ह्याला देहान्त नव्हता. आपल्याकडे एल्फिन्स्टनच्या काळात १८२७ ची मुंबई इलाख्याची नियमावली आली आणि सगळ्या देशासाठी १८६० ची दंडसंहिता. जात पाहून शिक्षा बदलायची नाही, हा त्या संहितेचा मोठा गुण मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याच खुनाच्या कलमाखाली १८९८ मध्ये दामोदर चाफेकरांना येरवड्यात फाशी झाली, पुढच्या वर्षी बाळकृष्ण, वासुदेव आणि रानडे गेले. १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे, देशपांडे. १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे, पुन्हा येरवड्यातच. सोलापुरात आजही हे चौघे निर्दोष होते असंच मानलं जातं. आणि हे कलम ३०२ आपण ३० जून २०२४ पर्यंत जसंच्या तसं वापरलं. आता भारतीय न्याय संहितेत तेच कलम १०३ झालं आहे.

मृद्गंध:

एक प्राथमिक प्रश्न. पेपरात 'फाशी सुनावली' असं वाचलं की मला वाटायचं आता अपील केलं नाही तर फाशी होणार. तसं नसतं का? आणि जाहीर फाशीला कायद्यात वाव आहे का?

दप्तरी:

मृद्गंध, तसं नसतं. मी फौजदारी वकिली करतो, विधी सेवेच्या पॅनेलवरही होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सत्र न्यायालयाने फाशी दिली की आरोपी अपील करो वा न करो, सगळी कागदपत्रं उच्च न्यायालयात जातात. त्याला आम्ही कन्फर्मेशन केस म्हणतो. उच्च न्यायालयाचे किमान दोन न्यायमूर्ती पुरावा पुन्हा तपासून शिक्षामोर्तब करत नाहीत तोवर ती फाशी अमलात आणता येत नाही. मग सर्वोच्च न्यायालय, मग फेरविचार अर्ज. २०१४ पासून फाशीच्या खटल्यांतला फेरविचार तीन न्यायमूर्तींपुढे, खुल्या न्यायालयात, तोंडी युक्तिवाद ऐकून होतो. त्याआधी तो दालनात, नुसते कागद वाचून निकाली निघायचा. मग राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. जाहीर फाशीचं म्हणाल तर १९८५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने तसा आदेश दिला होता, सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेच्या कलम २१ (जगण्याचा हक्क) विरुद्ध आणि रानटी ठरवून रोखला.

सत्र न्यायालयात दिलेल्या फाशीपैकी शेवटपर्यंत टिकतात किती? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात उच्च न्यायालयांच्या पुढे जाऊन निकाल लागलेल्या कैद्यांपैकी ५ टक्क्यांच्या आसपास लोकांची फाशी टिकली होती. साधारण ३० टक्के तर निर्दोष सुटले होते. हा आकडा वाचून माझी झोप उडाली होती. शिक्षा कमी झाली असं नाही, गुन्हाच सिद्ध होत नव्हता. त्याच अभ्यासात फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोक आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरांतले होते.

आता कृष्णाकाठ म्हणतात ते 'नशीब' न्यायालयात कसं दिसतं ते सांगतो. कायद्यात १९७३ पासून शिक्षेवर स्वतंत्र सुनावणी आहे. दोषी ठरवल्यावर आरोपीला विचारायचं, शिक्षेबद्दल काय सांगायचं आहे? मी पाहिलेल्या एका खटल्यात सकाळी अकराच्या सुमारास दोषी ठरवलं आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्षेची सुनावणी ठेवली. आरोपी पिंजऱ्यात उभा, हात जोडलेले. साहेबांनी विचारलं, काही सांगायचं आहे का? तो म्हणाला, मी केलं नाही साहेब. त्याला प्रश्नच कळला नव्हता. त्याच्या वकिलांनी उठून सांगितलं: वय लहान आहे, घरी म्हातारे आई-वडील आहेत, पहिलाच गुन्हा आहे, दया दाखवावी. सुनावणी संपली. त्याचं बालपण कुठे गेलं, तो कधी शाळेत गेला का, घरात मारहाण होती का, डोक्याला कधी इजा झाली होती का, यातलं एकही अक्षर रेकॉर्डवर आलं नाही. ते शोधायला वेळ लागतो, माणूस लागतो, पैसा लागतो. ज्याचा वकील हे करतो त्याची जन्मठेप होते, ज्याचा करत नाही त्याची फाशी. बच्चन सिंगमध्ये गुन्हेगाराचा विचार करा म्हटलं आहे, पण विचार करायला न्यायाधीशापुढे कागद तरी हवा.

कृष्णाकाठ:

अनघाताई, तुमचं म्हणणं मी मनापासून ऐकतो आहे. मारल्या गेलेल्यांची आठवण ठेवल्याशिवाय या विषयावर बोलूच नये, हे खरंच. पण दप्तरींनी दिलेल्या त्या ३० टक्क्यांच्या आकड्यामागे माणसं कोण असतात, ते आपल्याच राज्यातल्या एका खटल्यात पाहा.

२००३ मधली घटना. शेतवस्तीवर रात्री दरोडा, खून, बलात्कार. गुन्हा इतका भयानक की कुणाचंही रक्त उसळावं. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. हा निकाल रावजी निकालाच्याच वाटेने गेलेल्यांपैकी एक. पुढे कळलं की सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. मग २०१४ नंतर खुल्या न्यायालयात फेरविचाराची सोय झाली, म्हणून हे प्रकरण पुन्हा उघडलं. ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंमधून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं, आणि तो धागा तपासात सोडून दिला होता. न्यायालयाने राज्याला प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सोळा वर्षं तुरुंगात गेली होती, त्यातली कित्येक फाशीच्या छायेत. त्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही, त्यांना आता तरी निवांत जगू द्यावं.

अनघाताई, त्या रात्री मेलेल्यांना कुठला न्याय मिळाला? ज्यांनी मारलं ते बाहेर फिरत राहिले. २००९ नंतर कारभार तुम्हाला हवा तितका चपळ असता, तर २०१९ मध्ये सोडायला कुणी उरलं नसतं.

सरळरेघ:

दोन्ही बाजूंचं वाचलं. मला तिसरा मुद्दा मांडायचा आहे: जरब. फाशीमुळे खून कमी होतात, हे गृहीत धरूनच बहुतेक लोक बोलतात.

१९६७ च्या विधी आयोगाच्या ३५ व्या अहवालाने फाशी ठेवा म्हटलं. कारणं काय, तर देश अफाट आहे, लोकांची जडणघडण वेगवेगळी आहे, शिक्षण कमी आहे, कायदा-सुव्यवस्था राखायची आहे, अशा वेळी प्रयोगाची जोखीम नको. न्या. अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना २०१५ मध्ये आलेल्या २६२ व्या अहवालाने हे सगळं पुन्हा तपासलं आणि म्हटलं की जन्मठेपेपेक्षा फाशीची जरब जास्त बसते असं सिद्ध होत नाही. दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध एवढे गुन्हे वगळून बाकी सगळीकडून फाशी काढा, अशी शिफारस केली. सरकारने ती स्वीकारली नाही. उलट त्यानंतर फाशीची कलमं वाढलीच. बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला २०१८ मध्ये फाशी आली, नव्या संहितेत झुंडीने केलेल्या खुनालाही आहे.

इंग्लंडात टिमथी इव्हान्स नावाच्या माणसाला १९५० मध्ये आपल्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल फाशी झाली. त्याच्याविरुद्धचा मुख्य साक्षीदार त्याच घरात खाली राहणारा ख्रिस्ती नावाचा शेजारी. तीन वर्षांनी त्या घरात आणखी प्रेतं सापडली आणि ख्रिस्तीच बायकांचे खून करत होता हे उघड झालं. इव्हान्सला माफी मिळाली १९६६ मध्ये. मधल्या काळात, १९६५ मध्ये, तिथे खुनासाठीची फाशी थांबली होती. फ्रान्समध्ये शेवटचा गिलोटिन १९७७ मध्ये पडला आणि १९८१ मध्ये कायदाच गेला. तिथे तेव्हा बहुसंख्य लोक फाशीच्या बाजूने होते. म्हणजे लोकमत बदलल्यावर कायदा बदलतो असं नाही, बऱ्याचदा उलटं होतं.

बारा वर्षांखालच्या मुलींच्या बाबतीत मला एक मोठी भीती वाटते. अशा गुन्ह्यांत आरोपी बऱ्याचदा घरातला किंवा ओळखीचा असतो. फाशी होणार म्हटल्यावर घरातले लोक तक्रारच दाबतील, आणि आरोपीला साक्षीदार जिवंत ठेवण्यात काही फायदा दिसणार नाही. जरब उलटू शकते, हे कायदा करणाऱ्यांनी मोजलंच नाही.

अनघा_क:

नाशिकच्या खटल्याबद्दल मला इतकं तपशिलात माहीत नव्हतं. वाचून सुन्न झाले. पण त्यातून मी तपास सुधारा असा निष्कर्ष काढते, फाशी काढा असा नाही. चुकीच्या माणसाची सोळा वर्षंही परत येत नाहीत, मग तुरुंगही बंद करायचे का?

आणि लोकांना फाशी का हवीशी वाटते तेही समजून घ्या. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, चांगली वर्तणूक दाखवायची आणि बाहेर, असं सगळ्यांना वाटतं. ज्याच्या मुलीला मारलं त्याने चौदा वर्षांनी तोच माणूस गावच्या एसटी स्टँडवर उभा पाहायचा? फाशी नको म्हणणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

दप्तरी:

अनघाताई, रास्त प्रश्न आहे, आणि कायद्यात त्याचं उत्तर आहे.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं नव्हे. गांधीहत्येच्या खटल्यातले गोपाळ गोडसे यांनीच हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला होता, आणि १९६१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, सरकारने सूट दिली तरच सुटका. खुनासारख्या गुन्ह्यांत चौदा वर्षांच्या आत सोडता येणार नाही, ही किमान मर्यादा १९७८ मध्ये आली. लोक तिलाच कमाल समजतात. शिवाय २००८ च्या स्वामी श्रद्धानंद खटल्यापासून न्यायालयं फाशीऐवजी 'सूट न देता २५ वर्षं', '३० वर्षं' किंवा 'मरेपर्यंत' अशी जन्मठेप देऊ शकतात. २०१५ मध्ये घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ते मान्य केलं. मुंबईच्या शक्ती मिल खटल्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली. त्यांना पॅरोल, फर्लोही नाही. तुमचा माणूस एसटी स्टँडवर दिसणार नाही, याची सोय फाशीशिवाय झालेली आहे.

आता दिरंगाई. विलंबामुळे शिक्षा बदलावी हे तत्त्व कुठून आलं ते कैद्याच्या जागी उभं राहून पाहावं लागेल. फाशी यार्डातला माणूस रोज सकाळी दाराचा आवाज ऐकतो आणि आज का, असं त्याच्या मनात येतं. शिक्षा फाशीची झालेली असते, वर्षानुवर्षं अशा टांगणीवर ठेवण्याची नव्हे. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शत्रुघ्न चौहान खटल्यात मुख्यतः या कारणाने १५ जणांची फाशी रद्द केली. त्यातच हेही ठरलं की दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला आणि घरच्यांना लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान १४ दिवस फाशी द्यायची नाही. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०१३ मध्ये, अफझल गुरूच्या घरी स्पीड पोस्टने पत्र पोचलं ते तिहारमध्ये फाशी होऊन गेल्यावर.

पण विलंबाचा खरा दोष कुणाचा यावर मी तुमच्याशी सहमत आहे. पुण्यातल्या २००७ च्या, बीपीओत काम करणाऱ्या तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळल्यावरही फाशीचं वॉरंट निघायला वर्षं लागली. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने दोघांना ३५ वर्षांची शिक्षा दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. प्रत्येक राज्याने दयेच्या अर्जांसाठी वेगळा कक्ष काढावा असा आदेशही तेव्हाच दिला. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ मध्ये मुदती आहेत: तुरुंगाधिकाऱ्याने कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज, राज्यपालांनी फेटाळल्यास ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. मुदत कैद्याला आहे, केंद्राने शिफारस पाठवायलाही आहे, राष्ट्रपतींना मात्र नाही. म्हणजे जिथे वर्षं जातात तिथलं दार उघडंच ठेवलं.

तिसरा_बाक:

कुणी बाबासाहेबांचा उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. ३ जून १९४९ ला घटना समितीत फाशीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क असावा का, यावर चर्चा चालू होती. डॉ. आंबेडकर म्हणाले की असा हक्क देण्यापेक्षा फाशीच रद्द करायला आपला जास्त पाठिंबा राहील. हा देश मोठ्या प्रमाणावर अहिंसेच्या तत्त्वावर विश्वास ठेवतो, लोक ते आचरणात आणत नसले तरी नैतिक आदर्श म्हणून मानतात, तेव्हा या देशाने फाशी काढून टाकणंच योग्य, असा त्यांचा रोख होता. ज्यांनी कायद्याचा सगळा ढाचा उभा केला त्यांचं हे मत.

त्यानंतर काही महिन्यांतच, १५ नोव्हेंबर १९४९ ला, अंबाल्यात नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी झाली. महात्माजींच्या दोन मुलांनी, मणिलाल आणि रामदास यांनी, ती होऊ नये अशी विनंती केली होती. बापाचा खून झालेली मुलं होती ती. पीडितांच्या घरच्यांना काय हवं असतं, हे आपण परस्पर ठरवून टाकतो, म्हणून हे सांगतो आहे.

अनघा_क:

तिसरा_बाक, ती त्यांची थोरवी. प्रत्येक आईकडून तीच मागणं मला कठोर वाटतं.

माझं मत बदललेलं नाही, फाशी कायद्यात राहावी. पण दप्तरींनी जी जेवणाच्या सुट्टीनंतरची सुनावणी सांगितली, ती मला कुठल्याही बाजूने मान्य नाही. ज्याला मारायचं आहे त्याची पूर्ण माहिती न घेता मारायचं, हे पीडितांच्या नावाने होऊ नये. आता यात काही सुधारणा झाली आहे का? आणि झाली असेल तर आधीच्या कैद्यांचं काय?

दप्तरी:

झाली आहे, अर्धवट. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सत्र न्यायालयांना सांगितलं की फाशीचा विचार असेल तर आरोपीचं वय, घरची परिस्थिती, शिक्षण, पूर्वीचे गुन्हे ही माहिती सरकारने आणि बचाव पक्षाने मांडायची, तुरुंगातल्या वर्तणुकीचा अहवाल आणि मानसिक तपासणीचा अहवाल मागवायचा. सप्टेंबर २०२२ मध्ये शिक्षेवरच्या सुनावणीला पुरेसा वेळ किती द्यायचा हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवला गेला. तालुक्या-जिल्ह्याच्या न्यायालयांत अजून अनेकदा एक-दोन पानी अहवाल येतो, प्रोबेशन अधिकाऱ्याला आरोपीच्या गावी जायला वेळच मिळालेला नसतो.

आधीच्या कैद्यांबद्दल विचारलंत, तर ऑगस्ट २०२५ चा निकाल वाचा. २००८ मध्ये नागपुरात चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, त्या खटल्यातला कैदी. त्याची फाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली होती, २०१७ मध्ये फेरविचारही फेटाळला होता. तरी तीन न्यायमूर्तींनी घटनेच्या कलम ३२ खाली (मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचं कलम) त्याच्या शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडला, कारण त्याच्या वेळी मनोज खटल्यातली चौकशी झालीच नव्हती. दोषी असण्याला हात लावलेला नाही, फक्त शिक्षेची सुनावणी नव्याने घ्यायची. जिथे ही त्रुटी ठळक आहे तिथेच हा मार्ग वापरायचा, सरसकट नाही, असंही बजावलं आहे.

निकालपत्र मिळालं तर कृष्णाकाठांनी इथे त्यातले मुद्दे मराठीत द्यावेत. माझ्याकडच्या दोन जुन्या कन्फर्मेशन केसमधली शिक्षेवरची सुनावणी मी आता पुन्हा काढून वाचतो आहे, तिथेही अहवाल नाहीत.